डेरोझिओ आणि माणिकतळ्याची चर्चासभा

१८२८ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी आपल्या एका शिक्षकाच्या अध्यक्षतेखाली एक चर्चासभा सुरू केली. अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन हे तिचे नाव. अध्यक्षाचे वय त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते; सभासदांपैकी बरेच जण त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान होते. या सभेजवळ स्वतःची इमारत नव्हती, निधी नव्हता, की सरकारी मान्यता नव्हती. तथापि पुढील पन्नास वर्षांत बंगालच्या सार्वजनिक जीवनात ज्यांची नावे वारंवार पुढे आली त्यांपैकी अनेकांनी चारचौघांत उभे राहून आपले मत मांडण्याचा पहिला धडा येथेच गिरवला. तो अध्यक्ष म्हणजे हेन्री लुई व्हिव्हिअन डेरोझिओ. इंग्रजीत लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय कवींपैकी एक म्हणून त्याचे नाव वाङ्मयेतिहासात नोंदलेले आहे. परंतु त्याच्या आयुष्याचा खरा मर्मभाग या चर्चासभेत आहे आणि त्याच्यावर ओढवलेल्या संकटाचे मूळही तेथेच आहे.

डेरोझिओचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात, इंटाली भागात झाला. त्याचे वडील फ्रान्सिस हे पोर्तुगीज-भारतीय वंशाचे असून जे. स्कॉट आणि कंपनी या व्यापारी पेढीत चांगल्या हुद्द्यावर होते. त्या काळी अशा मिश्र वंशाच्या लोकांना ईस्ट इंडियन म्हणत. राज्यकर्त्यांच्या समाजात त्यांना बरोबरीचे स्थान नव्हते आणि एतद्देशीय समाज त्यांना आपले मानीत नव्हता. दोन उंबरठ्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या या समाजात जन्मलेल्या मुलाने पुढे हिंदुस्थानलाच आपली मातृभूमी मानून तिच्या गतवैभवावर कविता लिहिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्वदेशाविषयीची ती जाणीव त्याला वारशाने आयती मिळालेली नव्हती. ती त्याने विचारपूर्वक स्वीकारलेली होती.

वयाच्या सहाव्या वर्षी तो धरमतला येथील डेव्हिड ड्रमंड यांच्या शाळेत दाखल झाला. ड्रमंड हे स्कॉटलंडचे. ते स्वतः कविता करीत आणि धर्माच्या बाबतीत स्वतंत्र विचाराचे म्हणून ओळखले जात. त्यांच्या शाळेत युरोपीय, ईस्ट इंडियन आणि हिंदू मुले एकाच बाकावर बसत. पुस्तकातील विधान केवळ पाठ करून भागत नाही, ते का मानावयाचे हेही विचारावयाचे असते, हा संस्कार डेरोझिओला तेथे लाभला. चौदाव्या वर्षी त्याचे शालेय शिक्षण संपले. काही दिवस त्याने वडिलांच्या पेढीत कारकुनी केली; तिच्यात मन रमेना, म्हणून तो भागलपूर येथे मामाच्या निळीच्या कारखान्यावर गेला. तेथील गंगेच्या विस्तीर्ण पात्रात जहांगिरा नावाचा एक खडक आहे. त्या परिसराने त्याच्या कल्पनाशक्तीला चालना दिली. त्याच्या कविता इंडिया गॅझेट या पत्राचे संपादक डॉ. जॉन ग्रँट यांनी छापल्या. १८२७ मध्ये त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला आणि १८२८ मध्ये जहांगिऱ्याचा फकीर हे त्याचे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. चितेवर चढविल्या जाणाऱ्या एका विधवेची सुटका आणि त्यानंतरचा शोकान्त हा त्याचा विषय. सतीबंदीचा कायदा व्हावयास त्या वेळी अद्याप वर्षभराचा अवधी होता.

१८२६ च्या सुमारास हिंदू कॉलेजात शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. हे विद्यालय २० जानेवारी १८१७ रोजी सुरू झाले होते. कलकत्त्यातील सधन हिंदू गृहस्थांनी वर्गणी जमवून ते उभारले होते, आणि घड्याळांचा व्यवसाय सोडून शिक्षणकार्याला वाहून घेतलेले डेव्हिड हेअर यांचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या मुलांना इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य विद्या यावी, मात्र घराण्याचा आचार बिघडू नये, अशी संस्थापकांची अपेक्षा होती. येथे प्रवेश केवळ हिंदू मुलांना मिळे. अशा ठिकाणी ख्रिस्ती घरात जन्मलेला सतरा-अठरा वर्षांचा तरुण इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवू लागला. त्या शिक्षणाचे फलित संस्थापकांच्या अपेक्षेहून निराळे निघावयास फार काळ लागला नाही.

वर्गातील तासाने डेरोझिओचे समाधान होत नसे आणि त्याच्या विद्यार्थ्यांचेही होत नसे. शाळा सुटल्यावर मुले त्याच्याभोवती जमत, त्याच्या घरी जात, पुस्तके नेत आणि वाचलेल्या विषयावर वाद घालीत. या अनौपचारिक बैठकांना नियम आणि आकार देण्याच्या विचारातून अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन जन्मास आले. डेरोझिओ अध्यक्ष आणि उमाचरण बसू चिटणीस. सभेच्या बैठका लौकरच माणिकतळा येथील श्रीकृष्ण सिंह यांच्या बागेतील घरात भरू लागल्या. हे श्रीकृष्ण सिंह कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाचे सदस्य होते, हा तपशील पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

सभेची रीत साधी होती. एखादा विषय ठरवावयाचा, त्यावर कोणी निबंध वाचावयाचा किंवा भाषण करावयाचे, आणि नंतर अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंनी सभासदांनी बोलावयाचे. विषय मात्र साधे नव्हते. मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे की सर्व काही पूर्वनियोजित आहे, सत्याचे पावित्र्य कशात आहे, स्वदेशप्रीती म्हणजे काय, मूर्तिपूजा आणि पुरोहितशाही यांचे समर्थन करता येते काय, ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे कोणती आणि त्यांवरील आक्षेप कोणते, अशा प्रश्नांची तेथे चर्चा होई. ह्यूमचा संशयवाद एका बाजूला आणि रीड व ड्यूगाल्ड स्ट्यूअर्ट यांची उत्तरे दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी विद्यार्थी करीत. टॉमस पेनचे ग्रंथ त्यांच्या हाती पडलेले होते. आज यांतील काही विषय तत्त्वज्ञानाच्या किंवा धर्माच्या सदरात मोडतील. परंतु ज्या समाजात जात, विवाह, वारसा आणि स्त्रियांचे जीवन यांवर धर्माज्ञेची सत्ता होती, तेथे त्या आज्ञेचा आधार विचारणे हे राजकीय कृत्यच होते. अधिकार कोठून येतो, हा सर्व राजकारणाचा मूळ प्रश्न होय. त्या मुलांनी तो प्रथम पुरोहितास विचारला. कंपनी सरकारला विचारण्याची पाळी पुढे आली.

कृष्णमोहन बंदोपाध्याय, रसिककृष्ण मल्लिक, रामगोपाल घोष, दक्षिणारंजन मुखोपाध्याय, रामतनू लाहिरी, प्यारीचाँद मित्र, राधानाथ शिकदार, शिवचंद्र देव हे या मंडळातील प्रमुख होत. डेव्हिड हेअर बैठकींना उपस्थित राहत. सर एडवर्ड रायन, बिशप्स कॉलेजचे प्राचार्य डॉ. मिल, गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांचे खाजगी चिटणीस कर्नल बेन्सन असे वजनदार युरोपीयही येऊन गेले. सोळा वर्षांचा मुलगा न्यायाधीशासमोर उभा राहून युक्तिवाद करतो आणि तो ऐकून घेतला जातो, हा अनुभवच त्या पिढीला नवा होता. १८३० मध्ये विद्यार्थ्यांनी पार्थेनॉन नावाचे एक पत्र काढले. पहिल्या अंकानंतर कॉलेजच्या व्यवस्थापकांनी ते बंद पाडले.

शहरात कुजबूज वाढत होती. हिंदू कॉलेजातील मुले संध्या करीत नाहीत, निषिद्ध अन्न खातात, देवतांविषयी अनुचित बोलतात, अशा तक्रारी घरोघर ऐकू येऊ लागल्या. त्यांपैकी काही अतिरंजित होत्या. सर्वच खोट्या होत्या असे मात्र म्हणता येणार नाही. नव्या विचाराचा कैफ चढलेल्या तरुणांनी पुष्कळदा आचारभंगालाच धैर्य मानले. १८३० साली अलेक्झांडर डफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती धर्मावर व्याख्यानमाला आरंभिली, तेव्हा पालकांची भीती पराकोटीला पोहोचली. राजकीय व धार्मिक विषयांवर चर्चा करणाऱ्या सभांना विद्यार्थ्यांनी जाऊ नये, असा हुकूम कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाने काढला. शाळेच्या भिंतीबाहेर, शाळेच्या वेळेनंतर, विद्यार्थ्याने काय ऐकावे हे ठरविण्याचा अधिकार विद्यालयाला आहे काय, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच उपस्थित झाला आणि कलकत्त्याच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या हुकमावर टीकेची झोड उठविली.

व्यवस्थापकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. कॉलेज त्यांच्या वर्गणीवर आणि पालकांच्या विश्वासावर चालले होते. पालक मुलांची नावे काढून घेऊ लागले, तर संस्थाच बुडण्याची शक्यता होती. राधाकांत देव आणि रामकमल सेन हे विद्येचे शत्रू नव्हते. राधाकांतांनी शब्दकल्पद्रुम हा संस्कृतचा प्रचंड कोश सिद्ध केला आणि स्त्रीशिक्षणाला साहाय्य केले. रामकमलांनी इंग्रजी-बंगाली कोश रचला. नवी विद्या त्यांना हवी होती. ती कोणत्या वेगाने आणि कोणाच्या संमतीने यावी, हा त्यांचा प्रश्न होता.

२३ एप्रिल १८३१ रोजी मंडळाची सभा भरली आणि डेरोझिओला दूर करण्याचा विषय तिच्यापुढे आला. विद्यार्थ्यांना शिकविण्यास तो अपात्र आहे, असा निष्कर्ष मंडळाला बहुमताने काढता आला नाही. हेअर यांनी आणि संस्कृत पंडित होरेस हेमन विल्सन यांनी त्याच्या योग्यतेविषयी अनुकूल मत दिले. मग प्रश्न बदलण्यात आला: हिंदू समाजाची सद्यःस्थितीतील भावना पाहता त्याला काढणे इष्ट आहे काय? हा प्रश्न एतद्देशीय समाजाच्या भावनेचा असल्यामुळे विल्सन व हेअर या दोघांनी मत देण्याचे टाळले. उरलेल्या सभासदांपैकी एकट्या श्रीकृष्ण सिंहांनी, ज्यांच्या बागेत ती चर्चासभा भरत असे त्यांनी, डेरोझिओला काढणे अनावश्यक असल्याचे मत दिले. ठराव संमत झाला. आरोपीला बोलावण्यात आले नव्हते.

विल्सन यांनी सुचविल्यावरून डेरोझिओने २५ एप्रिल रोजी राजीनामा दिला. आपली चौकशी झाली नाही, आपले म्हणणे ऐकले गेले नाही, हे त्यात नमूद करावयास तो विसरला नाही. विल्सन यांनी पत्राने त्याला तीन प्रश्न विचारले: तो ईश्वर मानतो काय, आईवडिलांची आज्ञा पाळणे हे नीतीचे अंग नाही असे तो शिकवितो काय, आणि भावाबहिणींचा विवाह तो निर्दोष समजतो काय. २६ एप्रिलच्या त्याच्या उत्तरात त्याच्या चर्चासभेचे सारे तत्त्वज्ञान आलेले आहे. ईश्वर नाही असे आपण कोणास शिकविले नाही, असे त्याने कळविले; मात्र ज्या विषयावर विचारवंतांत मतभेद आहे त्याची एकच बाजू तरुणांना सांगणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटत होते. ह्यूमचे आक्षेप त्याने वर्गात मांडले, तशी त्यांना दिली गेलेली उत्तरेही मांडली. दुसरा आरोप त्याने साफ नाकारला. दक्षिणारंजन घरच्या जाचाला कंटाळून घर सोडावयास निघाला होता, तेव्हा आपणच त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, हे त्याने उदाहरणादाखल सांगितले. तिसरा आरोप त्याला उत्तर देण्याच्याही योग्यतेचा वाटला नाही, तरी त्याने त्याचा स्पष्ट इन्कार केला. बावीस वर्षांच्या त्या शिक्षकाच्या पत्रात कडवटपणा आहे. पण शरणागती नाही.

त्यानंतर त्याला जेमतेम आठ महिन्यांचे आयुष्य लाभले. ते त्याने वाया घालविले नाही. ईस्ट इंडियन नावाचे पत्र काढून आपल्या समाजाच्या नागरी हक्कांचा त्याने पुरस्कार केला. त्याच सुमारास कृष्णमोहनांनी एन्क्वायरर आणि दक्षिणारंजन व रसिककृष्ण यांनी ज्ञानान्वेषण ही पत्रे सुरू केली. ऑगस्ट १८३१ मध्ये कृष्णमोहन घरी नसताना त्यांच्या काही मित्रांनी त्यांच्या घरी गोमांस खाऊन हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या आवारात फेकली. या उद्दामपणाचे प्रायश्चित्त कृष्णमोहनांना घर सोडून भोगावे लागले. चर्चेत दोन्ही बाजू ऐकण्याचा नियम पाळणे सोपे. शेजाऱ्याच्या भावनेचा मान राखणे त्या मंडळीला अजून शिकावयाचे होते. २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीच्या विकाराने डेरोझिओचा मृत्यू झाला. अखेरच्या दिवसांत त्याचे काही विद्यार्थी त्याच्या शुश्रूषेस होते. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

अध्यक्ष गेला, तरी सभा संपली नाही. हेअर यांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारले आणि ती आणखी काही वर्षे चालली. १८३८ मध्ये तिच्या जुन्या सभासदांनी सर्वसाधारण ज्ञानार्जनासाठी एक नवी संस्था स्थापिली. ताराचाँद चक्रवर्ती तिचे अध्यक्ष होते. तिच्या बैठका हिंदू कॉलेजच्याच सभागृहात भरत. म्हणजे ज्या भिंतींनी डेरोझिओला बाहेर काढले, त्यांच्या आत त्याचे शिष्य परत आले होते. ८ फेब्रुवारी १८४३ रोजी दक्षिणारंजन यांनी तेथे कंपनीच्या बंगालमधील फौजदारी न्यायव्यवस्थेवर आणि पोलिसांवर निबंध वाचावयास घेतला. प्राचार्य कॅप्टन डी. एल. रिचर्डसन उपस्थित होते. ते स्वतः कवी आणि शेक्सपिअरचे नामांकित अध्यापक. निबंध अर्ध्यावर असताना ते उठले आणि आपल्या विद्यालयाला राजद्रोहाचा अड्डा बनू देणार नाही, अशा आशयाचे बोलून त्यांनी वाचन थांबविण्याचा प्रयत्न केला. अध्यक्ष ताराचाँद यांनी त्यांना शांतपणे जाणीव करून दिली की ते येथे केवळ पाहुणे आहेत, सभागृह संस्थेला कॉलेजच्या समितीने दिलेले आहे, आणि त्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत. शब्दाला शब्द वाढला. सभेने यापुढे त्या सभागृहात न भरण्याचे ठरविले.

बारा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांचे साम्य डोळ्यांत भरते. १८३१ मध्ये धर्माच्या नावाने आणि १८४३ मध्ये राज्याच्या नावाने एकच गोष्ट नाकारली गेली. पण एक महत्त्वाचा फरकही आहे. पहिल्या वेळी आरोपीला बोलूच दिले गेले नव्हते. दुसऱ्या वेळी अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसाने सभेचे नियम हेच आपले शस्त्र केले आणि प्राचार्याला बरोबरीच्या नात्याने उत्तर दिले. अध्यक्षाचा मान, वक्त्याचा हक्क, पाहुण्याची मर्यादा हे सारे त्या पिढीच्या अंगवळणी पडले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्ज टॉम्सन यांच्या सहकार्याने बेंगॉल ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली आणि १८५१ मध्ये ब्रिटिश इंडियन असोसिएशन अस्तित्वात आली. विद्यार्थ्यांची चर्चासभा आणि प्रौढांची राजकीय संघटना यांना जोडणारा धागा येथे स्पष्ट दिसतो.

या शिष्यांची पुढील आयुष्ये एका साच्यातील नाहीत. कृष्णमोहन ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. रामतनूंनी १८५१ मध्ये जानवे उतरवून आयुष्यभर शिक्षकी केली. शिवचंद्र साधारण ब्राह्म समाजाच्या संस्थापकांत होते. राधानाथ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणिती म्हणून नावाजले. रामगोपाल यशस्वी व्यापारी असूनही फर्डे वक्ते ठरले आणि युरोपीयांना कंपनीच्या न्यायालयांखाली आणणाऱ्या विधेयकांची बाजू त्यांनी १८४९ मध्ये निर्भयपणे मांडली. एकाच गुरूचे शिष्य इतक्या वेगळ्या निष्कर्षांना पोहोचावेत, हे त्या गुरूने मते वाटली नाहीत, याचेच प्रमाण होय.

त्या सभेच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. तिच्यात स्त्रिया नव्हत्या, मुसलमान नव्हते, श्रमिक जातींतील कोणी नव्हते. तिचा सारा व्यवहार इंग्रजीत चाले. त्यामुळे ज्या समाजाविषयी ती बोले, त्याला तिचा शब्द कळत नसे. ही उणीव तिच्याच सभासदांनी पुढे भरून काढण्याचा प्रयत्न केला. प्यारीचाँद आणि राधानाथ यांनी १८५४ मध्ये स्त्रियांनाही सहज वाचता येईल अशा भाषेत मासिक पत्रिका काढली आणि प्यारीचाँदांच्या आलालेर घरेर दुलाल या कादंबरीने बोलीच्या जवळ जाणारे बंगाली गद्य रूढ केले. मुंबईत याच अनुभवाची दुसरी आवृत्ती निघाली, ती मात्र आरंभापासून देशी भाषांकडे वळलेली होती. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक पॅटन आणि दादाभाई नौरोजींसारखे तरुण यांनी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा झाल्या आणि १८४९ मध्ये तिने मुलींच्या शाळा उघडल्या. माणिकतळ्याला जे इंग्रजीत सुचले, ते गिरगावात मराठीत बोलले जाऊ लागले.

डेरोझिओच्या कवितेचे मोल काळानुसार कमीअधिक ठरविले गेले आहे आणि पुढेही ठरविले जाईल. त्याच्या सभेचे मोल मात्र एका साध्या नियमात आहे: वादाचा विषय असेल तर दोन्ही बाजू मांडल्या गेल्या पाहिजेत आणि जो आरोपी असेल त्याला बोलू दिले पाहिजे. हा नियम त्याने विद्यार्थ्यांना पाच वर्षे शिकविला. व्यवस्थापक मंडळाने तो त्याच्याच बाबतीत एका दिवसात मोडला, आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बारा वर्षांनी, त्याच विद्यालयाच्या सभागृहात, तो पाळून दाखविला.